आईच्या नावाचा रकाना

दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिला सगळे मुकी म्हणायचे. मुकीबिकी काही नव्हती ती. सहा वर्षांपूर्वी डोंगरातून खाली आली तेव्हा खालची बोली तिला धड येत नव्हती. चुकीचं बोलून हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, म्हणून वर्षभर तोंडच उघडलं नाही. पुढं चांगली घडाघडा बोलायला लागली, पण तोवर नाव चिकटलं होतं. आणि चिकटलेलं नाव काही सोड्यानं निघत नाही.

धुलाईखाना म्हणजे दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबोडकी खोली. भिंती घामेजलेल्या, जमीन कायम ओली. एका टोकाला बॉयलर, त्याच्याशेजारी दोन मोठी यंत्रं, त्यातलं एक बारा महिने रुसलेलं. मधे सिमेंटच्या चार टाक्या. दुसऱ्या टोकाला घड्या घालायचं टेबल, आणि मागच्या दाराबाहेर वाळवणाच्या तारा. वर दवाखान्यात कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं काय कापलं, ते सगळं इथं गठ्ठ्यांमधून आपोआप कळायचं.

पहिल्याच महिन्यात तिनं एक पराक्रम केला होता. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी असतात, त्यांना मधोमध वीतभर भोक असतं. पेशंट सगळा झाकायचा आणि कापायची तेवढीच जागा उघडी ठेवायची, म्हणून ते. पण हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं, काय ही माणसं, एवढा मोठा दवाखाना आणि फाटक्या चादरी वापरतात. दुपारी सगळे डबे उघडून बसले तेव्हा ही सुईदोरा घेऊन बसली आणि नऊच्या नऊ भोकं शिवून टाकली. शिवली म्हणजे अशी बेमालूम, की ठिगळ शोधून सापडू नये. दुसऱ्या दिवशी वर डॉक्टरांनी चादर झटकली, भोक नाही. दुसरी झटकली, भोक नाही. टेबलावर पेशंट तयार, आणि सगळे चादरी झटकत उभे.

धुलाईखान्याची मुकादम होती मोठीबाई. अंगानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. ती हसून हसून टाकीच्या काठावर बसली. "अगं बये, भोकच बुजवलंस तर डॉक्टर हात घालणार कुठून?" मुकी लाजून लालेलाल झाली. पण त्या दिवसापासून मोठीबाईनं तिला आपल्या पंखाखाली घेतलं. म्हणाली, हात चांगला आहे, डोकं पुढं येईल.

बुधवार हा वर बायकांच्या ऑपरेशनचा दिवस. मूल बंद करायचं ऑपरेशन. एका बाईला भोकाची एक चादर, त्यामुळं गुरुवारी सकाळी गठ्ठा सुटला की मुकीला नेमकं कळायचं, किती बायका सुटल्या. कधी चौदा, कधी अठरा, एकदा तर सव्वीस. ती एकेक चादर गार पाण्यात सोडायची. रक्ताला आधी गार पाणी लागतं, कढत लागलं की डाग कापडात घर करतो. हात पाण्यात, आणि मनात एकच हिशोब. एवढ्या जणींचं झालं. माझं कधी?

तिला चार पोरं होती. त्याशिवाय दोन होऊन गेलेली. धाकटीच्या वेळी पायांना एवढी सूज आली की चप्पल जाईना, आणि कळा सुरू झाल्यावर झटके आले. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. तिच्याच हातानं धुतलेल्या चादरीवर पडून होती, पण तिला काय पत्ता. शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. त्या सहसा कुणाच्या खाटेवर बसायच्या नाहीत.

"हे बघ, मी घाबरवायला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा दिवस राहिले तर तू वाचायची नाहीस. कळलं?"

"मग बंद करून टाका बाई."

"करू की. अंगात जरा रक्त भरू दे. मग खाली नोंदणीच्या खिडकीवर नाव दे."

तीन महिन्यांनी ती खिडकीवर गेली. खिडकीमागं चष्मेवाला बसायचा. वाईट माणूस नव्हता, पण नियमावर त्याचा फार जीव. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, जाडजूड यादी काढली, बोट फिरवत फिरवत खाली आला आणि थांबला.

"तुमच्यात होत नाही."

"काय होत नाही?"

"ऑपरेशन. तुम्ही डोंगरातले ना? यादीतले. यादीतल्या लोकांना मूल बंद करायचं काही द्यायचं नाही, असा वरून हुकूम आहे. तुमची माणसं कमी होत चाललीत म्हणून."

आता ही माणसं कमी का होत होती, तर तापानं मरत होती, बाळंतपणात मरत होती, आणि दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत वाटेत मरत होती. सरकारला काळजी वाटली, ते चांगलंच झालं. पण त्या काळजीतून डोंगरावर ना रस्ता गेला, ना नर्स गेली. बंदी तेवढी पायी चालत वर पोचली.

"मग गोळ्या द्या," ती म्हणाली.

"गोळ्या नाही, तांबी नाही, काहीच नाही. यादी म्हणजे यादी."

"माझ्या घरवाल्याचं करा मग. पुरुषाचंही होतं म्हणतात."

"तो कुठला?"

"डोंगरातलाच."

चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला. "मग झालं तर. तोही यादीत."

दुकानातून गोळ्या आणून तिनं महिनाभर खाऊन बघितल्या. डोकं असं ठणकायला लागलं की भिंत धरून चालावं लागे. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि गोळ्यांची पट्टी तिच्या देखत कचऱ्यात टाकली. "ह्या तुला विष आहेत," म्हणाल्या. "मी करायला तयार आहे गं. पण यादीतल्या बाईला हात लावला तर माझी पाटी उतरेल. त्या खिडकीवरून कागद आण, पुढचं माझ्यावर सोड."

घरवाला रस्त्याच्या कामावर होता, डांबराच्या टोळीत. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. पूर्वी तो यायचा दिवस ती बोटावर मोजायची. आताही मोजायची, पण धास्तीनं. तो आला की तान्हीला दोघांच्या मधे घालून भिंतीकडं तोंड करायची. एकदा तो म्हणाला, "हे आपलं घर आहे की धर्मशाळा?" तिनं तान्हीचं पांघरूण सारखं केलं. तो पुन्हा म्हणाला नाही. समजूतदार होता. पण समजूतदार माणसाच्या शेजारी असं भिंतीकडं बघत पडायचं, त्यासारखं एकटेपण दुसरं नाही. पुढं तर तो महिन्यातून एकदाच यायला लागला. कामाचा जोर आहे, म्हणाला.

ती खिडकीवर पाच वेळा गेली. पाचव्या वेळी चष्मेवाल्याला तिची दया आली, की कटकट नको झाली, देव जाणे. इकडंतिकडं बघून म्हणाला, "एक वाट आहे. तुमच्या लोकांच्या म्होरक्यानं लिहून दिलं, की ह्या बाईचं ऑपरेशन करायला आमची हरकत नाही, तर मोठ्या कचेरीतून परवानगी मिळते. कोण आहे तुमचा म्होरक्या?"

"माझा भाऊ," ती म्हणाली. सख्खा थोरला भाऊ. तिला वाटलं, झालं काम.

सुट्टीच्या दिवशी पहाटेची पहिली बस धरून ती निघाली. बस जिथं थांबते तिथून चार तासांची चढण. वर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि दादा घराच्या छपरावर चढून कौलं सारखी करत होता. तिला बघून भरभर खाली उतरला.

"धाकटे! एकटीच? पोरं कुठायत?"

"शेजारणीकडं. दादा, तुझ्याकडं कामाला आलेय."

"आधी पाणी पी. काम कुठं पळून जातंय?"

वहिनीनं पाणी दिलं. मुकीनं एका दमात सगळं सांगितलं. सूज, झटके, डॉक्टरीणबाई, खिडकी. कागद पुढं केला. त्यावर चष्मेवाल्यानं मजकूर लिहूनच दिला होता, नुसता अंगठा हवा होता.

दादानं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. वाचता येत नव्हतं त्याला. पण कागदात काय आहे ते त्याला आता कळलं होतं.

"मी लहान होतो तेव्हा आपली अकरा वस्त्या होत्या," तो म्हणाला. "आता चार. दर वर्षी मोजणीवाला येतो, मी त्याच्याबरोबर दारोदार फिरतो. दर वर्षी आकडा खाली. गेल्या वर्षी तो म्हणाला, बाबा, असंच चाललं तर तुमचं पान फाटेल एक दिवस. आणि तू मला म्हणतेस, अंगठा दे?"

"मी मेले तर आकडा वर जाईल का?"

"असं अभद्र बोलू नकोस."

"मी नाही, डॉक्टरीणबाई बोलतात. दादा, मी मेले तर एक कमी. तान्ही अंगावर पिते, ती टिकली नाही तर दोन. तुझी मोजणी मला समजत नाही."

"आज तुला दिला तर उद्या दहाजणी येतील. मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

"कुणालाच म्हणू नकोस."

वहिनी दारात उभी होती ती आत गेली.

दादानं कागद तिच्यापुढं परत ठेवला. मग म्हणाला, "आईनं नऊ केली. तिनं कधी कुणाचा अंगठा मागितला नाही."

ह्यावर मुकीला बोलण्यासारखं खूप होतं. नवव्या बाळंतपणात आई गेली. दादा तेव्हा बाहेर ओट्यावर बसला होता, आणि सात वर्षांची ही आत आईचा हात धरून. तो हात कसा गार होत गेला ते तिला आजही आठवतं. पण भावाच्या दारात, भावाचं पाणी पिऊन, हे तोंडातून निघेना. तिनं कागदाची घडी घातली.

"जेवून जा," दादा म्हणाला.

"शेवटची बस चुकेल."

तो उतारापर्यंत पोचवायला आला. पोरांसाठी रानमेवा बांधून दिला. जीव होता त्याचा बहिणीवर, ह्यात काही खोट नाही. नुसता अंगठा तेवढा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठीबाईनं तिचं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. दोघी मिळून मोठ्या चादरी पिळत होत्या. एक टोक हिच्याकडं, एक तिच्याकडं, पीळ घालत घालत दोघी जवळ येतात असं ते काम. चादरीचा दोर झाला, दोघींच्या मधे हातभर अंतर राहिलं, तेव्हा मोठीबाई म्हणाली,

"माझी बहीण होतेस का?"

"अं?"

"कागदावर गं. मला धाकटी बहीण होती, लग्न होऊन लांब गेली ती तिकडचीच झाली. वीस वर्षांत पत्र नाही. तिच्या नावानं जन्माचा दाखला आहे माझ्या पेटीत. तो घेऊन खिडकीवर जा. तुमची यादी आईकडून चालते ना? आई यादीतली नाही, तर लेक यादीतली नाही. संपलं."

"चष्मेवाला मला ओळखतो की."

"तो कागदाला ओळखतो. माणसाला कुठं ओळखतो तो?"

आणि खरंच तसंच झालं. चष्मेवाल्यानं दाखला बघितला, तिच्याकडं बघितलं, पुन्हा दाखला बघितला. बराच वेळ त्याचं पेन हवेत राहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कागद बरोबर असला की माझं काम झालं. पण एक सांगतो. दवाखान्याचे फॉर्म महिन्याअखेर मोठ्या कचेरीत जातात. तुझा अंगठा तिथं यादीतही आहे. एक माणूस दोन ठिकाणी सापडलं की त्यातलं एक नाव काटतात. तुमच्या यादीतून तुझं नाव जाईल. मेलेल्याचं जातं तसं."

"आणि पोरांची नावं?"

"ती त्यांच्या जन्माबरोबर चढलीत, ती राहतील. फक्त त्यांच्या पुढं आईच्या नावाचा रकाना असतो, तो रिकामा राहील."

तिनं विचार करायला एक दिवस मागितला. तो दिवस तिनं टाकीत पाय सोडून घालवला असं म्हटलं तरी चालेल, कारण त्या दिवशी तिच्या हातून एकही गठ्ठा नीट उतरला नाही. वर डोंगरावर तिला खालच्यांसारखे कपडे घालते म्हणून सगळे कपडेवाली म्हणायचे, खालची झाली म्हणायचे. इथं खाली डोंगरी म्हणायचे. म्हणजे नाहीतरी ती धड कुठलीच नव्हती. पण यादीत नाव होतं. कुठंतरी एका पानावर आईच्या खाली ती होती आणि तिच्या खाली तिची चार पोरं. ते पान तिनं कधी बघितलं नव्हतं, बघितलं असतं तरी वाचता आलं नसतं. तरीही.

संध्याकाळी घरी गेली तर तान्ही रांगत दारापर्यंत आली आणि तिच्या पायाला धरून उभी राहिली. पहिल्यांदाच उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकी खिडकी उघडायच्या आधीच तिथं जाऊन उभी होती.

बुधवारी अठराजणी होत्या. लांब बाकावर ओळीनं बसलेल्या, सगळ्यांच्या अंगावर तोच मागं बंद बांधायचा झगा. प्रत्येकीबरोबर कुणीतरी आलेलं, आई, सासू, जाऊ. हिच्याबरोबर मोठीबाई. आणि मोठीबाई बहिणीचं सोंग असं काही वठवत होती की विचारू नका.

"लहानपणापासून अशीच घुमी," ती शेजारच्या म्हातारीला सांगत होती. "आईनं किती मार दिला हिला! एकदा पाण्याच्या पिंपात लपून बसली, अख्खा मोहल्ला शोधतोय. बाहेर काढली तर म्हणते कशी, मला गार वाटत होतं!"

म्हातारी हसली. बाकावरच्या दोघी हसल्या. मुकीही हसली थोडी. दुसऱ्याच कुणाचं बालपण तिच्या अंगावर घालत होते, आणि ते चांगलं होतं, भरल्या घरातलं होतं, पण मापाचं नव्हतं. तिच्या लहानपणी घरात पिंपच नव्हतं.

तिची पाळी आली. आत टेबलावर निजवलं, वरून दिवा ओढून खाली घेतला. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या, त्यांची पाठ इकडं. एक थोराड नर्स फॉर्मची फळी घेऊन जवळ आली. सुई टोचायच्या आधी प्रत्येकीला नाव विचारून फॉर्मशी ताडून बघायचं, अशी तिथली रीत.

"नाव सांग."

आता ही एक गोष्ट मोठीबाईच्या ध्यानात आली नव्हती, चष्मेवाल्याच्याही नाही. मुकीला तर ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. डोंगरातल्या माणसाला नाव विचारलं की तो आधी आईचं नाव सांगतो, मग आपलं. अमकीची मी तमकी. विचार करून सांगत नाहीत, श्वासासारखं येतं ते. दोन दिवस तिनं दाखल्यावरचं नाव घोकून घोकून पाठ केलं होतं. पण दिवा डोळ्यांवर आला, टेबल पाठीला गार लागलं, आणि कुणीतरी नाव विचारलं. तिनं आईचं नाव घेतलं. स्वतःच्या, खऱ्या आईचं. आणि त्याच्यामागं आपलं.

नर्सचा पेन्सिल धरलेला हात थांबला. तिनं फळीकडं बघितलं. मग मुकीकडं बघितलं, तिच्या सुजऱ्या पायांकडं बघितलं. पलीकडं नळ चालू होता.

मुकीला आपण काय केलं ते कळलं. आता उठवतील, झगा काढून घेतील, बाहेर बाकावरच्या सगळ्यांसमोरून परत पाठवतील. मोठीबाईची नोकरी जाईल ती वेगळीच.

"सुई टोचायच्या आधीच भूल चढलेल्या बायका पुष्कळ बघितल्यात मी," नर्स हळूच म्हणाली. "काहीही बरळतात. परत विचारते, नीट ऐकून सांग. नाव? आणि आईचं नाव?"

म्हणजे आता ते तोंडानं म्हणायचं होतं. खिडकीवर नुसता कागद पुढं सरकवला होता, तिथं काही म्हणावं लागलं नव्हतं. इथं आईचं नाव विचारल्यावर दुसऱ्याच बाईचं नाव घ्यायचं होतं, मोठ्यानं, समोरच्या माणसाला ऐकू जाईल असं. आई म्हटलं की तिला तो गार होत जाणारा हातच आठवायचा, तोच आठवला.

तिनं मोठीबाईच्या आईचं नाव घेतलं.

"बरोबर," नर्स म्हणाली, आणि फॉर्मवर खूण केली. मग कापसाच्या बोळ्यानं आधी तिचे डोळे पुसले आणि दुसरा बोळा घेऊन दंड. "झालं. आता दहापासून उलटं मोज."

मुकीला उलटं मोजता येत नव्हतं. ती सुलटंच मोजत गेली.

दोन महिने तिला जड उचलायची बंदी होती, म्हणून मोठीबाईनं तिला घड्यांच्या टेबलावर बसवलं. घरवाला येऊन गेला. ती भिंतीकडं वळली नाही. पण मधल्या महिन्यांत त्यालाच लांब निजायची सवय लागली होती, आणि सवय मोडायला वेळ लागतो. दोघं छताकडं बघत पडून राहिले. "दुखत नाही ना?" त्यानं विचारलं. "नाही," ती म्हणाली. तेवढंच.

आणि एके दुपारी दादा आला. धुलाईखान्याच्या दारात उभा राहिला, वाफेत डोळे बारीक करून. तो कधी खाली यायचा नाही. मोठीबाईनं बॉयलरवाल्याला काहीतरी काम सांगितलं आणि स्वतःही बाहेर तारांकडं गेली.

"नवी यादी आली," दादा म्हणाला. "मोजणीवाल्यानं वाचून दाखवली, सगळ्यांसमोर. तुझ्या नावावर लाल रेघ आहे. पोरांच्या पुढं आईचा रकाना मोकळा."

"माहीत आहे."

"लोक मला विचारायला लागले, कधी गेली? काय झालं होतं? तुझी वहिनी तर रडायलाच बसली. मग मोजणीवाल्यानं सांगितलं, गेली नाही, दवाखान्यात दुसरीच आई लावून आली." त्यानं हात टेबलावर ठेवला. घडी घातलेल्या चादरीवर घामेजल्या बोटांची नक्षी उठली. "धाकटे, ऑपरेशन केलंस ते केलंस. पण आई? आईला पुसलीस?"

तिनं हातातली घडी पुरी केली. कोपऱ्याला कोपरा लावला.

"तू ओट्यावर होतास दादा."

"कधी?"

"आई गेली तेव्हा. तू ओट्यावर होतास, मी आत होते. तिनं तुझ्यासाठी काही सांगून ठेवलं नाही. आकड्याचं काही बोलली नाही. नुसतं पाणी मागत होती, आणि मला वाटत होतं पाणी दिलं की उठेल." तिनं घडी ढिगावर ठेवली. "तिचं नाव घेतलं असतं तर मला परत पाठवत होते. मी घेतलं होतं आधी, माझ्याच तोंडून गेलं. मग नाही घेतलं. म्हणून इथं बसलेय."

रुसलेलं यंत्र मधेच घरघरलं आणि बंद पडलं. दादानं तोंडावरून हात फिरवला.

"वर येऊ नकोस इतक्यात," तो शेवटी म्हणाला. "लोक तापलेत. मी निरोप धाडेन."

"बरं."

"पोरांना धाडलंस तर चालेल. पोरं यादीत आहेत."

"बरं म्हटलं ना."

तो निघाला आणि चुकून मागच्या दारानं वाळवणात शिरला. ओल्या चादरींच्या रांगांमधून बराच वेळ त्याचे नुसते पाय इकडून तिकडं जाताना दिसत होते. डोंगरात डोळे मिटून चालणारा माणूस, त्याला दवाखान्याचं फाटक सापडेना. शेवटी मुकी उठली, चादर बाजूला सारून त्याला म्हणाली, "इकडून."

फाटकापर्यंत पोचवते म्हणून निघाली आणि बसथांब्यापर्यंत गेली. तो दोन पावलं पुढं, ती मागं. पोटावरच्या टाक्यांना जपून हळू चालत होती. त्यानं एकदा मागं वळून बघितलं आणि चाल कमी केली, पण थांबला नाही. थांब्यावर दोघं उन्हात उभे राहिले. तिला विचारायचं होतं, त्या रेघेखाली नाव वाचता येतं का अजून. पण त्याला वाचता येत नाही, हे आठवलं आणि तिनं विचारलं नाही.

बस आली. गर्दी नव्हती, दादाला खिडकी मिळाली. पण ती पलीकडच्या बाजूची होती. बस वळून दिसेनाशी होईतो ती अलीकडं उभी राहिली, मग सावकाश परत फिरली. चार वाजायच्या आत वरच्या मजल्याच्या चादरी द्यायच्या होत्या, आणि अजून अर्ध्याही झाल्या नव्हत्या.